आगबोटीवरची पंगत



जवळा बाजारच्या चौकात उभे राहून समुद्राची गोष्ट सांगायची म्हणजे तसे धाडसच. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे. आपल्या पूर्णेचे पाणी समुद्राला मिळते खरे, पण तेही गोदावरीच्या हाती जाऊन, थेट पूर्वेच्या समुद्राला. तरीही आजचा विषय मला मिळाला तो इथल्याच बाजारात, एका बी-बियाण्यांच्या दुकानी, चहा पिताना.

तो दुकानदार माझ्या ओळखीचा. हंगामात माल चांगला खपवला म्हणून बक्षीस म्हणून त्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना मुंबईहून बोटीची सहल घडली. तीन दिवस मोठ्या आगबोटीवर. पोहण्याचा हौद, नाच-गाणी, दिवे, सगळे त्याने सांगितले. जेवण तिकिटातच धरलेले होते आणि पोटभर होते. मग जरा थांबून तो म्हणाला, "सर, एक गोष्ट काही उमगली नाही. आमच्या जेवणाच्या दालनाच्या पलीकडे एक काचेचं दार होतं. आत मोजकीच टेबलं, मंद दिवे. मी सरळ आत निघालो, तर दारावरचा पोरगा म्हणाला, इथलं जेवण तिकिटात नाही, वेगळे पैसे पडतील. आता तुम्हीच सांगा, बोट एक, समुद्र एक, रांधणारे एक. मग जेवायला दोन दारं कशाला?"

प्रश्न मला फार आवडला. इतिहास शिकवणाऱ्याला असे प्रश्न वर्गात क्वचित मिळतात. त्या वेळी मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खरे उत्तर लांबलचक आहे आणि ते आपल्या महाराष्ट्राच्या घरातून जाते, म्हणून आज तुमच्यासमोर मांडतो.

आपल्याकडे समुद्रप्रवास निषिद्ध होता, हे तुम्ही ऐकलेले असेल. पण समुद्र ओलांडण्यात नेमके पाप कसले? पाण्याचे नव्हे. आपले कोकणी खलाशी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आले आणि कान्होजी आंग्र्यांचे आरमार समुद्रावरच होते. खरी भीती होती ती ताटाची. बोटीवर स्वयंपाक कोण करणार, पाणी कोण भरणार, शेजारी कोण बसणार? घरी सोवळे सांभाळता येते, बोटीवर ते कसे सांभाळायचे? १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि विलायतेचा प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आला. तरी ते तीन-चार आठवडे जेवायचे काय, हा प्रश्न उरलाच.

आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरी शिकायला अमेरिकेस निघाल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठराच. पती बरोबर नव्हते, सोबत मिशनरी बायकांची. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी इंग्रजीत भाषण करून सांगितले होते की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. सभेत बोलणे एक, आणि दोन महिने परक्यांच्या टेबलावर रोज दोन वेळा ते निभावणे दुसरे. त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि लुगडेही सोडले नाही. ज्या बोटीच्या मुदपाकखान्यात मांसाशिवाय पान हलत नव्हते, तिथे शाकाहारी बाईला काय वाढत असतील, याची कल्पना आपणच करावी.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८८८ साली, मुंबईहून 'क्लाइड' बोटीने एक काठेवाडी तरुण बॅरिस्टर व्हायला निघाला. मोहनदास करमचंद गांधी. त्याला काटा-चमचा धरता येत नव्हता, इंग्रजी बोलायची लाज वाटे, आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारायची हिंमत नव्हती. मग तो काय करी? बरोबर आणलेली मिठाई आणि फळे आपल्या खोलीत बसून खाई. म्हणजे जेवणाच्या दालनाचे दार उघडे होते, तिकिटात जेवण धरलेले होते, तरी हा पाहुणा उपाशी. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

इकडे घरी काय चालले होते, तेही पाहा. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. नंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. पुढे त्या मंडळींची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांसारख्या माणसाने १८९२ मध्ये अखेर प्रायश्चित्त घेतले. एका पेल्यासाठी! आणि हा सगळा घाट घालण्यामागे कोण होते ठाऊक आहे? गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान. आनंदीबाई १८८७ सालीच वारल्या होत्या. गोपाळराव स्वभावाने विक्षिप्त खरे, पण समाजाच्या दुखऱ्या जागी बोट ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता यावर तोडगा एकच होता, आणि तो फक्त श्रीमंतांना परवडणारा. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग यांना १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणाचे बोलावणे आले. नाही म्हणता येईना आणि धर्मही मोडवेना. त्यांनी 'ऑलिंपिया' नावाची आख्खी आगबोट भाड्याने घेतली. बोटीवर देव बसवला, आपले आचारी घेतले, आणि पिण्यासाठी गंगाजल भरलेले चांदीचे अजस्र घडे बरोबर नेले. एकेका घड्याचे वजन ३४५ किलो आणि त्यात चार हजार लिटर पाणी मावे. ते घडे आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. शाळेची सहल जयपूरला गेली तर शिक्षकांनी मुलांना ते जरूर दाखवावेत, आणि पाणी कशासाठी नेले होते तेही सांगावे.

ध्यानात घ्या, दुकानदाराने पाहिलेल्या काचेच्या दाराचा हा आमचा पहिला अवतार. सगळ्यांपासून वेगळे जेवायचे, आणि त्याचा खर्च आपण भरायचा. फरक इतकाच की महाराजांना वेगळे जेवायचे होते ते बाटण्याच्या भीतीने, आणि आजचा प्रवासी वेगळे जेवतो ते हौसेने.

बोटीच्या कंपन्यांना मात्र तुमच्या सोवळ्याशी कर्तव्य नव्हते. त्यांची आपली वेगळी वर्णव्यवस्था होती, आणि ती तिकिटावर छापलेली असे. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, आणि खाली डेक. पहिल्या वर्गाचे दालन वेगळे, जिना वेगळा, फिरायची जागा वेगळी, आणि जेवणाच्या पदार्थांची यादीही वेगळी. डेकच्या उतारूला बहुधा जागेपुरते भाडे. आफ्रिकेकडे जाणाऱ्या बोटींवर आपले लोक डेकवर वळकटी पसरून शिध्याच्या पिशव्या उशाला घेऊन निजत.

आपल्या कोकण किनाऱ्याच्या बोटी तर याहून साध्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करीत गोव्याकडे जात. बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसे. बाहेरच उभी राही आणि पडावातून उतरावे लागे. चाकरमानी दशम्या, चटणी आणि पोह्यांची पुरचुंडी बांधून आणी. कित्येकांना बोट लागे आणि बांधलेले तसेच परत घरी जाई! पावसाळ्यात लांबच्या फेऱ्या बंद असत, आणि जवळच्या फेऱ्याही किती धोक्याच्या होत्या ते १७ जुलै १९४७ रोजी कळले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. बोटीवरचा भेद पैशाचा होता, गोऱ्या-काळ्याचाही होता. पण तिकीट काढलेल्याला टेबलावर जात विचारली जात नसे. याचे मोल कोणाला कळेल? ज्याला गावात घोटभर पाणी मिळाले नाही त्याला. लहान भीमराव आंबेडकर १९०१ च्या सुमारास भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे निघाला, तेव्हा बरोबर डबा होता पण रात्रभर पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशीच निजली. तोच मुलगा १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बोटीने अमेरिकेला गेला. पुढे त्यांनी लिहिले आहे की, परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत हे आपल्या मनातून पार पुसले गेले होते. १९१७ मध्ये ते परत आले आणि बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून उतरावे लागले, आणि तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन बाहेर काढले.

म्हणून, पैशाची भिंत आणि जन्माची भिंत सारखीच, असे कोणी म्हटले तर मी मान्य करणार नाही. पैशाच्या भिंतीला निदान दार असते. ते महाग असेल, पण असते.

मात्र या भिंतीचेही एक भीषण उदाहरण आहे, आणि आपल्या विषयाचा गाभा तिथेच आहे. बोटीच्या भाड्यात जेवण धरलेले असताना आणखी पैसे देऊन वेगळ्या जागी जेवायचे, ही युक्ती प्रथम काढली ती हांबुर्गच्या एका कंपनीने. तिचा सूत्रधार आल्बर्ट बालीन. हा माणूस मोठा कल्पक. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू कमी, बोटी रिकाम्या पडत. म्हणून १८९१ च्या जानेवारीत त्याने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट नुसती हौशी लोकांना भूमध्य समुद्रात फिरवून आणायला सोडली. कुठे पोहोचायचे नाही, फिरून परत यायचे. आजच्या सहलीच्या बोटींचे मूळ बरेचसे यात आहे. त्याच बालीनने १९०५ साली 'अमेरिका' नावाच्या बोटीवर रिट्झ या नामांकित हॉटेलवाल्याच्या नावाचे खास भोजनगृह उघडले. पहिल्या वर्गाच्या दालनात ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण मिळे. इथे मात्र हवे तेव्हा या, हवे ते मागवा, आणि निराळे पैसे मोजा.

इंग्रज कंपन्या मागे कशा राहतील? १९१२ साली 'टायटॅनिक' निघाली तेव्हा तिच्यावरही असे भोजनगृह होते. ते लुइजी गाटी नावाचा इटालियन गृहस्थ ठेक्याने चालवी. जो उतारू सगळी जेवणे तिथेच घेईल त्याला बोटीच्या भाड्यात थोडी सूट मिळे, म्हणजे हिशेब किती बारकाईने बांधला होता बघा. १४ एप्रिलच्या रात्री याच भोजनगृहात वायडनर नावाच्या धनिक कुटुंबाने कप्तान स्मिथ यांना मेजवानी दिली. त्यानंतर काही तासांतच बोट हिमनगावर आदळली.

किती वाचले? पहिल्या वर्गातले शंभरात साठाहून अधिक वाचले. तिसऱ्या वर्गातले शंभरात पंचविसाच्या आसपास. यात बायका-मुलांना आधी सोडण्याचा भाग होता, होड्या वरच्या मजल्यावर असल्याचा होता, खालच्यांना वाटा सापडल्या नाहीत याचाही होता. या आकड्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण गाटीच्या माणसांविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्या खास भोजनगृहात साठाहून अधिक आचारी, वाढपी आणि कारकून होते, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. ठेकेदाराची माणसे ती, म्हणजे ना धड बोटीचे नोकर, ना धड उतारू. त्यांतली तीन वाचली. दोन गल्ल्यावरच्या मुली आणि एक पुरुष. गाटी स्वतः बुडाला.

आपली माणसे या गोष्टीत कुठे आहेत, असे तुम्ही विचाराल. ती पाठीमागे आहेत, वाढताना. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे आणि डेकवर राबणारे बहुतेक हिंदुस्थानी खलाशी, त्यांत रत्नागिरीकडचे मुसलमान बंधू पुष्कळ. आणि दालनात पांढरा कोट घालून वाढणारे, खोल्या आवरणारे, मुदपाकखान्यात राबणारे प्रामुख्याने गोव्याचे. मुंबईच्या धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाने आपल्या खलाशांसाठी जागा घेऊन ठेवल्या होत्या, त्यांना 'कूड' म्हणत. बोट मिळेपर्यंत तिथे पेटी ठेवायची, जमिनीवर निजायचे, संध्याकाळी प्रार्थना म्हणायची. काही कूड आजही आहेत. ज्यांनी आयुष्यभर साहेबांच्या दहा-दहा पदार्थांच्या पंगती उठवल्या, त्यांचे आपले बिऱ्हाड एका पेटीएवढे.

पुढचा भाग भराभर सांगतो. १९५८ साली अटलांटिकवर मोठी जेट विमाने उडू लागली, १९६० साली एअर इंडियानेही ती घेतली, आणि तीन आठवड्यांचा प्रवास एका दिवसात होऊ लागला. बोटींना उतारू मिळेनात. ज्या उरल्या त्यांनी बालीनची जुनी युक्ती धरली आणि प्रवासापेक्षा सहल विकायला घेतली. सहलीला आलेल्या माणसाला तिसरा वर्ग म्हणून कसे चालेल? म्हणून वर्ग मोडले. सगळ्यांना एकच दालन, एकच यादी, एकच डेक. काही दशके समुद्रावर खरोखर समानतेचे वारे वाहिले म्हणा ना! ते काही कोणाच्या उपदेशाने नव्हे, विमानाच्या धाकाने.

मग काचेचे दार परत का आले? याचे कारण व्यापाऱ्याला चटकन कळेल. स्पर्धा वाढली, तिकीट स्वस्त ठेवावे लागले. तिकिटात बोट चालवण्याचा खर्च जेमतेम निघतो. नफा काढायचा तो उतारू बोटीवर चढल्यानंतर. मद्य वेगळे, मालिश वेगळे, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या, इंटरनेट वेगळे, आणि खास भोजनगृह वेगळे. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आज अशा वरखर्चातून येतो. आमच्या दुकानदाराला हे सांगितले तेव्हा तो हसला. "म्हणजे सर, बियाणं कमी भावात द्यायचं आणि खत-औषधात काढायचं." अगदी तेच. अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता त्याने धडा सांगितला.

आणि एवढ्यावर थांबले नाही. २००८ साली 'एमएससी फॅन्टासिया' या बोटीवर बोटीतच दुसरी बोट केली. किल्ली असलेल्यालाच त्या भागात प्रवेश, तिथे वेगळा पोहण्याचा हौद, वेगळे भोजनगृह, वेगळा सेवक. इतर कंपन्यांनीही तेच केले. पहिला वर्ग हा शब्द आता कोणी वापरत नाही. शब्द गेला, जिना परत आला.

आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' बोट सुरू झाली, ती काही काळ चालली. कान्होजींचे नाव असलेल्या बोटीवरून लोक गोव्याला हौसेने गेले, एवढ्यासाठी तरी मला तिचे कौतुक वाटते. २०२१ च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया' कंपनीची 'एम्प्रेस' बोट मुंबईहून सहली काढू लागली. तिच्यावर जैन जेवणाचीही सोय असते. आनंदीबाईंना आणि तरुण गांधींना जे मिळाले नाही ते आज तिकिटात मिळते, ही काही लहान गोष्ट नाही.

दुकानदाराची गोष्ट अर्धी राहिली. मी त्याला विचारले, "मग गेलास का काचेच्या दारातून?" म्हणाला, "गेलो सर. दुसऱ्या रात्री बायकोला घेऊन गेलो. आयुष्यात एकदा. बक्षिसाची सहल, पण हे पैसे माझे." वाढणारा पोरगा मालवणकडचा निघाला. हे दोघे मराठी बोलतात म्हटल्यावर तो खुलला. दुकानदाराने त्याला विचारले, "तुम्ही लोक कुठं जेवता?" पोरगा म्हणाला, "खाली, काका. तिथे तीन खोल्या आहेत. अधिकाऱ्यांची एक, गाणी-बजावणी आणि दुकानवाल्यांची एक, आणि आमची एक."

"जेवण कसं होतं?" मी विचारले.

"चांगलं होतं," तो म्हणाला. "वरण तेवढं आपल्यासारखं नव्हतं. त्या पोराला म्हटलं, जवळ्याला ये कधी."